चाव्या बिल्डरला देण्याआधी चित्रकाराला एक सकाळ द्या: जुन्या ठाण्यातल्या सोसायटी कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
चरई, खारकर आळी, नौपाडा, टेंभी नाका, चेंदणी, उथळसर, पाचपाखाडी या भागातल्या रिडेव्हलपमेंटला निघालेल्या तमाम सोसायट्यांचे चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार, कमिटी मेंबर, आणि पागडीच्या चाळींमधले जे भाडेकरू एकत्र येऊन बिल्डरशी बोलतायत ते सगळे,

सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा आणि जमलं तर पुढच्या एसजीएममध्ये, म्हणजे विशेष सर्वसाधारण सभेत, कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवा. मागणी एकच आहे. बिल्डिंग रिकामी करायच्या आधी तिची वॉटरकलरमध्ये चित्रं काढून घ्या. आपल्या ठाण्यातल्याच चित्रकाराकडून, त्याला रीतसर पैसे देऊन, त्याचं नाव लावून. आणि हा खर्च डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटमध्ये बिल्डरच्या खात्यावर टाका.

रिडेव्हलपमेंटला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करते, नाहीतर पहिल्या दोन ओळी वाचून कुणीतरी म्हणणार की आली ही जुनं ते सोनं वाली. मी चरईत चाळीत वाढले. दर पावसाळ्यात छताखाली बादल्या मांडायच्या, सकाळी उठून आधी बघायचं की रात्रीत कुठला पोपडा पडला, जिन्याला टेकू लावलेला, शेवटच्या मजल्यावरच्या आजी गुडघ्यांमुळे महिनोन् महिने खाली उतरायच्या नाहीत आणि त्यांना दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं, हे सगळं मी पाहिलंय. लिफ्ट हवी, घरातल्या घरात संडास हवा, दोन खोल्या जास्त हव्यात, यात गैर काहीच नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालच्या 2019 च्या रिडेव्हलपमेंट गाइडलाइन्सप्रमाणे 51 टक्के सभासदांची संमती गोळा करायला कमिटीला काय काय करावं लागतं, किती जणांच्या पाया पडावं लागतं, तेही मला माहीत आहे. तुम्ही फुकटात रात्री अकरा अकरापर्यंत मीटिंगा घेताय त्याबद्दल मला आदरच आहे.

पण त्या सगळ्या मीटिंगांमध्ये कार्पेट किती वाढणार, कॉर्पस (बिल्डर देतो तो एकरकमी फंड) किती, भाडं किती, शिफ्टिंगचे किती, पार्किंग स्टॅक की साधं, टाइल्स कुठल्या कंपनीच्या यावर तासन् तास चर्चा होते आणि जी बिल्डिंग पाडायची तिच्याबद्दल एक मिनिटही कुणी बोलत नाही. तिचा एकमेव कागद म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट, त्यात तिच्या फक्त भेगांचे फोटो असतात. साठ सत्तर वर्षं माणसं तिथे राहिली, बाळंतपणं झाली, लग्नं झाली, आणि तिची शेवटची नोंद काय, तर पिलर नंबर चारला तडा.

आता ज्यांच्यामुळे हे पत्र लिहितेय त्यांच्याबद्दल. नाव देत नाही, त्यांना ते आवडत नाही. पण जांभळी नाक्यावर किंवा तलावपाळीच्या कठड्यापाशी सकाळी सातच्या सुमाराला एखाद्या बंद दुकानाच्या पायरीवर, मांडीवर बोर्ड घेऊन बसलेला बारीक, उंच म्हातारा माणूस तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ते ड्राफ्ट्समन होते. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि तिथून पुढे जुन्या ठाण्यातल्या कितीतरी घरांचा संसार त्या कंपन्यांच्या पगारावर चालला. काका मोठ्या ड्रॉइंग बोर्डवर उभं राहून ट्रेसिंग पेपरवर मशीनचे पार्ट काढायचे, रोटरिंगच्या पेनांनी, रेघ जाडीला जरा इकडेतिकडे झाली की ब्लेडने खरवडून परत. पुढे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग आलं, मग कंपनीच बंद झाली, आणि हातात कसब तेवढं राहिलं. तेव्हापासून ते गाव रंगवतायत.

गाव म्हणजे काय रंगवतात हे सांगायला हवं. कोपिनेश्वराचं देऊळ आहे, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी 1760 मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला, कुणीही चित्रकार आधी त्याचा कळस काढेल. काकांनी काढलीय ती बाहेरची बेलफूलवाली, श्रावणी सोमवारची, टोपलीवर ओला कपडा टाकलेला, मागे रांगेतल्या लोकांचे फक्त पाय दिसतात आणि त्या पायांतल्या चपला काढून ठेवायची घाई दिसते. स्टेशन म्हटलं की 16 एप्रिल 1853 ची पहिली गाडी, साहेब सिंध सुलतान ही तिची तीन इंजिनं, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. काकांच्या स्टेशनच्या चित्रात पश्चिमेच्या जिन्याखाली छत्री दुरुस्त करणारा बसलाय, जूनचा पहिला आठवडा, त्याच्यासमोर बंद काळ्या छत्र्यांचा ढीग आणि एक लहान मुलगी स्वतःची गुलाबी छत्री नीट होतेय का ते वाकून बघतेय. टेंभी नाक्याला बेने इस्रायली, म्हणजे आपल्या मराठी ज्यू लोकांचं 1879 चं सिनेगॉग आहे, तिथून पुढे अग्यारी लेन, इकडे मासुंद्याच्या, म्हणजे तलावपाळीच्या काठाला चर्च, त्या बाजूला किल्ला म्हणजे आताचं जेल, जिथे 19 एप्रिल 1910 ला अनंत कान्हेऱ्यांना फाशी दिली. हे सगळं चालत चालत एका संध्याकाळी होण्यासारखं. या जागांची नावं पुस्तकांत आहेत, त्यांना पाटी आहे, त्यांच्याबद्दल कुणी ना कुणी बोलेल, भांडेल. पण या सगळ्यांच्या मधली जी जागा आहे, जिथे प्रत्यक्षात माणसं राहतात, त्या चाळी, ते वाडे, त्या साठ सत्तर सालातल्या तीन मजली बिल्डिंगा, त्या कुठल्याच यादीत नाहीत. त्या जातील तेव्हा कुणाला पत्ता लागणार नाही. म्हणून तुम्हाला पत्र.

काकांचं एक चित्र जरा नीट सांगते, म्हणजे वॉटरकलर वॉटरकलर मी का करतेय ते कळेल. जांभळी नाक्याचा भाजीबाजार. वर निळी ताडपत्री बांधलीय, त्यातून ऊन खाली येतं ते निळसर होऊन येतं, त्यामुळे टोमॅटोच्या ढिगाची सावलीतली बाजू जांभळट आहे, आणि खरंच बघितलं तर तशीच असते, आपण कधी बघत नाही इतकंच. एका मावशीने तागडी उचललीय. तागडीचं एक पारडं ताडपत्रीच्या सावलीच्या बाहेर, उन्हात आलंय. त्या जागी काकांनी काहीच केलेलं नाही. कागद तसाच कोरा सोडलाय. आणि अख्ख्या चित्रात सगळ्यात लखलखीत जागा तीच आहे.

पारदर्शक वॉटरकलरची पद्धतच अशी. पांढरा रंग वापरायचा नाही, पांढरं म्हणजे कागद. त्यामुळे पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, टाकायच्या आधीच डोक्यात ठरलेलं लागतं की उजेड कुठे कुठे ठेवायचाय, कारण एकदा रंग कागदात शिरला की ती जागा पुन्हा तितकी शुभ्र होत नाही. ऑइलमध्ये चुकलं तर वाळू दे, वरून परत रंगव, चालतं. इथे नाही चालत. लोक म्हणतात वॉटरकलर काय, शाळेत पोरं करतात ते. अहो, शाळेत ते शिकवतात कारण स्वस्त पडतं आणि हात धुतले की जातं, सोपं आहे म्हणून नाही. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये दिवा हातात धरलेल्या मुलीचं ते प्रसिद्ध चित्र आहे, ‘ग्लो ऑफ होप’, सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं. बघणाऱ्यांना ते ऑइल वाटतं. ते वॉटरकलर आहे. बोटांच्या आडून आलेला तो दिव्याचा उजेड, तो कागदाचा उजेड आहे. आणि ती मुलगी म्हणजे त्यांचीच कन्या, कोल्हापूरच्या गीताताई उपळेकर, 2018 मध्ये वयाच्या 102व्या वर्षी गेल्या. घरातली एक मुलगी, साडी नेसून, हातात दिवा. मोठा विषय शोधायला त्यांना कुठे लांब जावं लागलं नाही.

कोल्हापूरचंच दुसरं नाव आबालाल रहिमान. मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्टला शिकले, तिथेच राहिले असते तर काय नाव झालं असतं, पण कोल्हापुरात परत आले आणि कोटितीर्थ तलावाच्या काठी राहून तोच परिसर, तेच पाणी, तीच झाडं रंगवत बसले. 1931 मध्ये गेले. आज कुणाला तो परिसर तेव्हा कसा दिसायचा, त्याच्यावर सकाळचा उजेड कसा पडायचा हे बघायचं असेल तर त्यांच्या चित्रांपाशीच जावं लागतं. आपलं ठाणं तर तलावांचं शहर. आपल्याकडे इतके तलाव, आणि प्रत्येक तलावाच्या काठाला एक जुनी वस्ती. सिद्धेश्वर तलावाच्या काठची घरं कशी होती हे उद्या कुणी विचारलं तर काय दाखवणार आपण, बिल्डरचं ब्रोशर?

आता फोटोचा मुद्दा. हा मुद्दा प्रत्येक कमिटीत निघणार, मला माहीत आहे. मोबाईल आहे ना, काढा फोटो हवे तितके, चित्रकार कशाला. फोटो काढाच. भरपूर काढा. पण फोटो एका क्षणाचा असतो आणि चित्रकार तिथे दोन अडीच तास बसलेला असतो, तेवढ्या वेळात गॅलरीत जे जे घडतं ते सगळं तो एका कागदावर आणू शकतो. काकांनी चरईतल्या एका चाळीची गॅलरी रंगवलीय, माझ्या चाळीची नाही, शेजारच्या गल्लीतली. त्यात एका टोकाला दूधवाला पिशव्या टांगतोय, मधे एक बाई कठड्यावर गादी वाळत टाकतेय, पलीकडे एक आजोबा पेपर वाचतायत आणि त्यांच्या पायाशी मुलगा बुटाची लेस बांधतोय. हे चौघं एका वेळी तिथे नव्हतेच. दूधवाला सहाला येऊन गेला, मुलगा साडेसातला शाळेत गेला, गादी ऊन वर आल्यावर बाहेर आली. पण त्या चाळीत जो कुणी राहिला त्याला विचारा सकाळ कशी असायची, तो हेच सांगेल.

आणि काका ड्राफ्ट्समन असल्यामुळे आणखी एक गोष्ट होते, त्यांच्या चित्रात गॅलरीच्या लाकडी कठड्याच्या उभ्या काठ्या मोजल्या तर बरोबर तितक्याच भरतात. जिन्याच्या पायऱ्या भरतात. दोन खांबांमधलं अंतर ते आधी पावलांनी मोजून घेतात. भिंत कशी करतात ते जवळून बघण्यासारखं आहे. खडबडीत कागद, ब्रश जवळजवळ कोरडा, त्यात यलो ऑकर आणि थोडा राखाडी, आणि ब्रश आडवा धरून कागदावरून नुसता ओढायचा. कागदाच्या उंचवट्यांवर रंग लागतो, खळग्यांत लागत नाही, आणि अगदी चुना उडालेली, खाली जुना थर दिसणारी भिंत तयार होते. मंगलोरी कौलांना आधी बर्न्ट सिएनाचा ओला वॉश आणि तो ओला असतानाच त्यात अल्ट्रामरीनचा एक थेंब सोडायचा, तो आपला आपण पसरतो आणि पावसाने काळवंडलेलं कौल दिसायला लागतं. मे महिन्यात हे जमत नाही, वॉश खाली येईपर्यंत वरून वाळून रेघ पडते, म्हणून ते सकाळी लवकर बसतात. जुलैमध्ये उलटं, हवेत इतका दमटपणा की कागद वाळता वाळत नाही, दुसरा हात द्यायला थांबून राहायचं. हे सगळं बघत उभं राहिलं की आपल्या रोजच्या जिन्याकडे आपणच वेगळ्या नजरेने बघायला लागतो, हा माझा अनुभव आहे.

आता तक्रार. दोन गोष्टी झाल्यात त्या सांगणं भाग आहे. कुठली बिल्डिंग ते लिहीत नाही, त्यांना वाचून कळेल.

एका सोसायटीत काका कंपाउंडमध्ये स्टूल टाकून बसले होते. रीतसर वॉचमनला सांगून. तासाभराने कमिटीतले एक गृहस्थ आले आणि त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं की कुठल्या बिल्डरने पाठवलंय, मोजमापं कसली घेताय. काकांनी चित्र दाखवलं. तरी त्यांना उठवलं. तो वॉश ओला होता, बोर्ड तसाच आडवा धरून ते बाहेर रस्त्यावर आले आणि रंग वाहून गेला. ती बिल्डिंग आज नाहीये. तिथे पत्रे लागलेत आणि आत खड्डा आहे. मागच्या बाजूला आंब्याचं झाड होतं आणि त्याच्या बुंध्याला पोरांनी खडूने तीन स्टंप काढलेले होते, ते चित्र अर्धवट राहिलं ते राहिलंच. संशय येणं मी समजू शकते, रिडेव्हलपमेंटच्या काळात सगळ्यांची डोकी तापलेली असतात, दोन गट पडलेले असतात. पण पंचाहत्तरीच्या माणसाला, ज्याच्या हातात ब्रश आहे, त्याला असं उठवतात?

दुसरी गोष्ट जास्त लागली. एका संस्थेने दिवाळीला कॅलेंडर काढलं, गुळगुळीत कागद, छान छपाई, आणि आत काकांची चित्रं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती ती उचललेली. विचारलं नाही, पैसे तर नाहीतच, आणि खाली उजव्या कोपऱ्यात त्यांची सही असते ती नेमकी कापलेली, कारण तिथे जाहिरातीची पट्टी बसवायची होती. काकांना ते कॅलेंडर कुणीतरी भेट म्हणून आणून दिलं. ते काही बोलले नाहीत. मी बोलतेय. चित्रकाराने स्वतःहून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट त्याचा असतो, 1957 चा कायदा आहे, आणि तो हक्क त्याच्या हयातीनंतरही 60 वर्षं राहतो. तुम्ही पैसे देऊन, सांगून चित्र काढून घेतलंत तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइट तुमच्याकडे येतो, पण तरीसुद्धा चित्र माझं आहे हे म्हणायचा, नाव लावून घ्यायचा आणि चित्राची मोडतोड केली तर हरकत घ्यायचा हक्क कलम 57 प्रमाणे चित्रकाराकडेच असतो. सही कापणं हे नुसतं असभ्य नाही, बेकायदेशीर आहे. कमिट्यांना सोसायटीचे बायलॉज तोंडपाठ असतात, हेही एकदा वाचा.

तर करायचं काय. टेंडर निघतं, पीएमसी, म्हणजे प्रोजेक्ट बघणारा सल्लागार, नेमला जातो, बिल्डरशी बोलणी सुरू होतात आणि एमिनिटीजची यादी तयार होते, त्या वेळी त्या यादीत एक ओळ घाला: सध्याच्या इमारतीची अमुक इतकी मूळ वॉटरकलर चित्रं, सभासदांच्या पसंतीच्या स्थानिक चित्रकाराकडून, इमारत रिकामी होण्यापूर्वी पूर्ण करून, चित्रकाराच्या नावासह नव्या इमारतीच्या लॉबीत कायमस्वरूपी लावली जातील, प्रत्येक सभासदाला एक चांगली प्रिंट मिळेल, सर्व खर्च विकासकाचा. बस. व्हिडिओ डोअर फोन मागता, जिम मागता, गणपतीसाठी हॉल मागता, त्यात हे मागायला अडचण काय आहे? ज्या बिल्डरला एवढीही रक्कम जड होत असेल त्याच्या हातात घर द्यायचं का, याचा विचार त्याच मीटिंगमध्ये करा. पागडीच्या चाळीत मालक, भाडेकरू, बिल्डर असा तिढा असतो आणि अ‍ॅग्रीमेंटला वर्षं लागतात, तिथे वर्गणी काढा. गणपतीची काढतोच की आपण.

चित्रं कशाची काढायची हे चित्रकारावर सोडा, पण त्याला फिरवून दाखवा. समोरून बिल्डिंगचा चेहरा एवढंच नको, तो तर कुणीही काढेल. मीटरची खोली दाखवा, जिथे बाराही मीटरवर वेगवेगळ्या अक्षरात नावं लिहिलीत. जिन्यातला तो दोर दाखवा जो धरून म्हातारी माणसं चढतात आणि धरून धरून काळा कुळकुळीत झालाय. पत्रपेट्या, पंपाचं बटण, ‘बेल दोनदा वाजवावी’ लिहिलेली पाटी, मोरीची खिडकी, गच्चीवर पापडांच्या चादरीला चार कोपऱ्यांना ठेवलेले दगड. कोळीवाड्याच्या बाजूच्या घरांत असाल तर दारात वाळत घातलेली जाळी आणि दोरीवर टांगलेले बोंबील. आणि शक्यतो माणसं असताना काढून घ्या, सामान हलल्यावर नको. रिकाम्या घराचं चित्र होतं, पण ते वेगळं चित्र होतं.

चित्रकाराला बसायला खुर्ची द्या, पाणी द्या, बाथरूम कुठे आहे ते आपणहून सांगा, बायका मुली चित्रकार असतील तर हे फारच महत्त्वाचं. मागे उभं राहून ‘हे लाल का केलं’ विचारायचं नाही. मुलांना मात्र बघू द्या, मुलं त्रास देत नाहीत, ती गप्प बसून बघतात. पैशाचं आधी ठरवा आणि थोडे आधी द्या. चांगल्या शंभर टक्के कॉटन कागदाची एक फुल शीट, 22 बाय 30 इंचाची, काही शे रुपयांना येते, रंगाच्या ट्यूबा वेगळ्या, ब्रश वेगळे, फ्रेम वेगळी. ‘तुम्हाला प्रसिद्धी मिळेल’ असं सांगून कृपया कुणाकडून काम करून घेऊ नका.

चित्र आल्यावर त्याला लॅमिनेट करू नका, हात जोडून सांगते. लॅमिनेशनचा गोंद आणि उष्णता कागदात कायमची जाते, परत निघत नाही. अ‍ॅसिड नसलेल्या बोर्डाचं माउंट लावा म्हणजे काच कागदाला चिकटणार नाही, नाहीतर आपल्या पावसात आतून ओल धरून बुरशीचे तपकिरी ठिपके येतात. पश्चिमेचं ऊन थेट पडतं अशा भिंतीवर लावू नका, काही रंग उन्हाने उडतात, जुन्या पद्धतीचा अ‍ॅलिझरिन क्रिमसन तर लवकरच. आणि चित्राशेजारी पितळी पाटी लावा, तिच्यावर जुन्या बिल्डिंगचं नाव, बांधल्याचं आणि पाडल्याचं साल, आणि चित्रकाराचं पूर्ण नाव. उद्घाटनाला कोण आलं होतं त्याची पाटी वेगळी करा हवं तर.

चित्रांचं चांगलं स्कॅनिंग करून एक प्रत ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला देता आली तर बघा. 1893 ची संस्था आहे, आपल्या गावचे कागद ठेवायला त्याहून योग्य ठिकाण मला सुचत नाही. दहा पंधरा सोसायट्यांची चित्रं जमली तर कापूरबावडीच्या ठाणे कलाभवनात एकत्र प्रदर्शनही करता येईल, आणि घोडबंदर रोडला, कळव्याला, डोंबिवलीला गेलेली जुनी चरईकर, नौपाडकर मंडळी नक्की येतील, मला खात्री आहे.

हे सगळं एकट्या काकांना झेपणार नाही. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, आणि जिने चढून गच्चीवर जाणं आता होत नाही. पण ठाण्यात वॉटरकलर करणारी तरुण मुलं मुली भरपूर आहेत. जेजे 1857 चं, लोकलने तासाभरावर, तिथून शिकून दरवर्षी मुलं बाहेर पडतात आणि त्यातल्या कितीतरी ठाण्यात, कळव्यात, मुलुंडला राहतात, रविवारी सकाळी ग्रुपने तलावावर स्केचिंगला येतात. त्यांना काम द्या. काकांना मी विचारलं की तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाला बोलावलं तर चालेल का, तर ते म्हणाले चालेल काय, धावेल, फक्त त्याला सांगा की जिना आधी काढ, जिना सगळ्यात आधी पाडतात.

वेळेबद्दल शेवटचं. बहुतेक बिल्डिंगा मुलांच्या परीक्षा झाल्या की एप्रिल मे मध्ये रिकाम्या होतात. उजेड चांगला असतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ऊन तिरकं, हवा कोरडी. म्हणजे ज्यांना येत्या उन्हाळ्यात घरं सोडायची आहेत त्यांनी दिवाळीनंतरच्या पहिल्या मीटिंगमध्येच हा विषय घ्यायला हवा. विषयपत्रिकेत ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये टाकू नका, तिथपर्यंत येईस्तोवर अर्धे लोक घरी गेलेले असतात. कुठल्या कमिटीला समजावून सांगायला माणूस हवा असेल तर मी येईन, काकांची दोन चार चित्रं घेऊन, रविवार असो की रात्रीची वेळ असो. आणि ठराव मंजूर झाला की त्याची एक प्रत सही शिक्क्यानिशी वॉचमनच्या केबिनमध्ये लावा, म्हणजे जो कुणी स्टूल घेऊन येईल त्याला कुणी उठवणार नाही.

आपली,
चरईत वाढलेली एक ठाणेकर